एझिकियल बेकरचीं निशाणें : ठासणीच्या रायफलीविषयींच्या पुराव्याचें परीक्षण

ऐतिहासिक कागदपत्रें वाचणारास ‘गोळीचा टप्पा’ हा शब्दप्रयोग नवा नाहीं. मोर्चे किल्ल्यापासून गोळीच्या टप्प्यावर होते, अमका सरदार टप्प्यांत येतांच पडला, अशा अर्थाचे मजकूर वारंवार आढळतात. आणि ते वाचून आम्ही संशोधक नकाशावर कंपास ठेवूं लागतों. परंतु टप्पा म्हणजे किती हात? बंदूक कोणत्या जातीची? गोळी तेथवर नुसती पोंचली, कीं नेम धरल्या जागीं लागली? हे प्रश्न न विचारतां घेतलेलें माप हें माप नव्हे. तो अंदाज होय, आणि तोही बहुधा दुसऱ्याचा.

टप्पा किती लवचीक असतो याचें एक उदाहरण मराठ्यांच्याच इतिहासांत आहे. राजाराम महाराज जिंजीस असतां १६९० सालीं इंग्रजांनीं कडलूरनजीकचा देवनापट्टणचा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. हाच पुढें फोर्ट सेंट डेव्हिड या नांवानें प्रसिद्धीस आला. किल्ल्याबरोबर भोंवतालची जमीन किती द्यावयाची, तर तोफेचा गोळा जेथवर जाऊन पडेल तेथवरची, असें ठरलें. तोफ डागणारे खरेदीदारच होते! गोळा जवळ पडावा अशी इच्छा त्यांस असण्याचें कांहींच कारण नव्हतें. सारांश, टप्प्याचा आंकडा हातीं आला म्हणजे पहिला प्रश्न असा विचारावा कीं, तो मोजला कोणी आणि कशासाठीं.

हीच कसोटी ठासणीच्या, चकमकीच्या रायफलीविषयीं पाश्चात्य ग्रंथांतून जे पुरावे दिले जातात त्यांस लावून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय परदेशचा आहे खरा. पण पुराव्याचा न्याय देशपरत्वें बदलत नाहीं. शिवाय त्या विषयांत एक सोय अशी आहे कीं, तेथें दोन प्रकारचे पुरावे शेजारीं शेजारीं सांपडतात. एक, रणांगणावरील विलक्षण नेमाच्या कथा. आणि दुसरा, निशाणावर गोळ्या झाडून ठेवलेली नोंद. या दोहोंत आमच्या मतें निशाणाची नोंद श्रेष्ठ होय. कां, तें क्रमानें सांगतों.

प्रथम हत्याराची ओळख पाहिजे. ठासणीच्या बंदुकींत दारू व गोळी नळीच्या तोंडांतून घालून गजानें ठासावी लागते. तोड्याच्या बंदुकींत ती दारू जळत्या तोड्यानें पेटवीत. चकमकीच्या बंदुकींत घोड्याच्या जबड्यांत गारगोटी बसविलेली असते. चाप ओढतांच ती पोलादी पट्टीवर घांसते, ठिणग्या वाटींतील रंजकावर पडतात, रंजक पेटतें, आणि त्याची ज्वाळा नळीच्या कानांतून आंत शिरून मुख्य दारूस लागते. एवढें सर्व होईपर्यंत क्षणाचा कांहीं अंश निघून जातो. डोळ्यांपुढें रंजकाचा भडका उडालेला असतांही तेवढा वेळ हात न हलूं देणें, हेंच या बंदुकीनें नेम मारण्यांतील खरें कौशल्य होय. चाप ओढला म्हणजे काम झालें असें मानणाराचा नेम येथें हटकून चुकतो.

रायफल म्हणजे जिच्या नळीच्या आंतील अंगास पेचाप्रमाणें फिरत गेलेले चर असतात ती. तेल किंवा चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी त्या चरांस घट्ट बसते आणि बाहेर पडतांना स्वतःभोंवतीं फिरत जाते. फिरण्यानें गोळी सरळ कां जाते, याचा सशास्त्र उलगडा बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें केला. त्याचा तोफविद्येवरील ग्रंथ १७४२ चा, आणि पेचदार नळीवरील निबंध १७४७ चा. साध्या नळींतून निघालेली गोळी नळीच्या अंगास घांसून वेडीवांकडी फिरूं लागते व हवेच्या दाबानें बाजूस वळते, हें त्यानें मुद्दाम वांकविलेल्या नळीनें गोळ्या झाडून दाखविलें. हवेचा रोध पूर्वीच्या पंडितांच्या कल्पनेहून कितीतरी पट अधिक असतो, हेंही त्यानेंच सिद्ध केलें. हा रॉबिन्स पुढें ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनियर होऊन हिंदुस्थानांत आला आणि १७५१ सालीं वारला तो त्याच फोर्ट सेंट डेव्हिडमध्यें. ज्या किल्ल्याची हद्द अंदाजी गोळ्यानें ठरली, तेथेंच गोळ्याचें गणित करणारा पुरुष निवर्तला!

आतां मुख्य ग्रंथाकडे वळूं. एझिकियल बेकर हा लंडनच्या व्हाइटचॅपल भागांतील बंदुकांचा कारागीर. १८०० सालीं वुलिच येथें निरनिराळ्या रायफलींची परीक्षा झाली आणि बेकरची रायफल ब्रिटिश लष्करानें पत्करली. तिची नळी ३० इंचांची, आंत सात चर, आणि नळीच्या सबंध लांबींत चरांचा वळसा फक्त पाव फेऱ्याचा. ‘रिमार्क्स ऑन रायफल गन्स’ हा त्याचा ग्रंथ प्रथम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं निघाला व त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. त्यांतील निशाणांचीं चित्रें सर्वश्रुत आहेत. मनुष्याकृति निशाणावर १०० यार्डांवरून ३४ आणि २०० यार्डांवरून २४ गोळ्या झाडल्या, व त्या कोठें कोठें लागल्या तें चित्रांत दाखविलें आहे. एकही गोळी आकृतीबाहेर नाहीं. (यार्ड म्हणजे ३ फूट, आपले सुमारें दोन हात.)

या ग्रंथाचे दोष उघड आहेत. बेकर हा स्वतः माल करणारा. परीक्षा त्याच्याच मालाची, आणि निकाल छापणाराही तोच. देवनापट्टणच्या तोफेसारखाच हा प्रकार झाला. शिवाय निशाण उलट गोळी मारीत नाहीं, पळत नाहीं, धुरांत दडत नाहीं, आणि त्याचें अंतर आधींच मोजलेलें असतें. म्हणून बेकरच्या निशाणांवरून लढाईंतील शेंकडा किती गोळ्या लागत, हें काढूं जाणें अयोग्य होय. कित्येक लेखक तसें करतात; तें आम्हांस मान्य नाहीं.

परंतु गुणही तितकेच उघड आहेत, आणि ते अधिक मोलाचे आहेत. अंतर सांगितलें आहे, गोळ्यांची संख्या सांगितली आहे, प्रत्येक गोळीची जागा दाखविली आहे. ज्यास शंका असेल त्यानें तसलीच रायफल घेऊन, तितक्याच अंतरावर तितक्याच गोळ्या झाडून पाहाव्या. याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, बेकर आपल्या रायफलीची मर्यादा आपणच सांगतो. खात्रीनें नेम साधण्याचें आपल्या अनुभवांतील परम अंतर २०० यार्ड. वारा शांत असतां ३०० यार्डांवर कधीं कधीं चांगलें साधलें. ४०० व ५०० यार्डांवर पुष्कळदां झाडलें, केव्हां केव्हां लागलेंही, पण फरक फार पडला. असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. विकणारा आपल्या मालाची स्तुति करतो त्यास आम्ही फारसें महत्त्व देत नाहीं. पण तोच जेव्हां मालाची मर्यादा सांगतो, तेव्हां ती साक्ष स्वार्थाविरुद्ध असल्यानें बळकट ठरते. बेकरच्या ग्रंथांत खरी ऐतिहासिक किंमत त्या दोन चित्रांहून या कबुलीस आहे, असें आमचें मत आहे.

ही मर्यादा कारागिराच्या लहरीची नसून निसर्गाची आहे, हें साध्या गणितानेंही कळतें. गोळी सेकंदास १५०० फूट वेगानें निघाली असें धरूं, आणि तिच्या सवलतीसाठीं हवेचा रोध मुळींच नाहीं असेंही धरूं. ४०० यार्ड म्हणजे १२०० फूट जावयास तिला सेकंदाचे आठ दशांश लागतील. तेवढ्यांत ती १० फुटांहून थोडी अधिक खालीं येईल. ३५० यार्डांवर तीच गोळी सुमारें ७ फूट १० इंच खालीं येईल. म्हणजे अंतराच्या अंदाजांत नुसती ५० यार्डांची चूक झाली, तर गोळी सुमारें अडीच फूट वर किंवा खालीं जाईल. हा हिशेब हवा वजा करून केलेला. रॉबिन्सचा रोध जमेस धरला तर वेग वाटेंतच मंदावून फरक यापेक्षां पुष्कळच मोठा होतो. त्यांत बाजूचा वारा मिळवावा. मोजलेल्या मैदानावर नेमबाज पहिली गोळी पाहून दुसरी सुधारतो. रणांगणावर अंतर कोण मोजून देणार?

ही मापें हातीं घेऊन कथांकडे पाहूं. कर्नल जॉर्ज हँगर याचा ‘टु ऑल स्पोर्ट्समेन’ हा ग्रंथ १८१४ चा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत हा इंग्रजांच्या बाजूनें लढला होता. त्याची कथा अशी : तो व टार्लटन घोड्यांवर शेजारीं शेजारीं उभे राहून शत्रूची पाहणी करीत असतां एक अमेरिकन रायफलवाला पाणचक्कीच्या बांधावरून पुढें आला, पोटावर निजला आणि नेम धरून त्यानें गोळी झाडली. गोळी दोघांच्या मधून गेली, व मागें उभ्या असलेल्या शिंगवाल्याचा घोडा मेला. अंतर पुरतें ४०० यार्ड होतें, असें हँगर निक्षून सांगतो. ती जागा आपण पुढें अनेकदां लक्षपूर्वक पाहिली, असेंही म्हणतो. ही कथा अमेरिकन नेमाचा उत्कृष्ट दाखला म्हणून उद्धृत केली जाते.

आम्ही वाचकांस इतकेंच विचारतों कीं, या कथेंत नेम लागला कोठें? दोन सरदारांवर धरलेली गोळी दोघांसही लागली नाहीं. ती लागली मागल्या घोड्यास. वारा अगदीं पडलेला होता, असें हँगरच सांगतो. नेमबाज निजून, सावकाश झाडीत होता. सर्व अनुकूल असतां ४०० यार्डांवर जें घडलें तें बेकरच्या विधानाशीं तंतोतंत जुळतें : केव्हां केव्हां लागतें, पण फरक पडतो. कथेचा नायक वस्तुतः चुकला आहे; परंतु ती चूक इतकी थोडक्याची होती कीं, सांगणारास तीस वर्षांनंतरही ती विजयासारखी वाटली. हँगरवर खोटेपणाचा आरोप करण्याचें कारण नाहीं. त्याची साक्ष खरीच धरावी. तिचा लावला जाणारा अर्थ तेवढा टाकावा.

दुसरी कथा साराटोगाची. ७ ऑक्टोबर १७७७ रोजीं इंग्रजांचा जनरल सायमन फ्रेझर गोळी लागून घायाळ झाला व दुसऱ्या दिवशीं वारला, हा इतिहास. मॉर्गनच्या रायफलपथकांतील टिमथी मर्फी यानें झाडावर चढून सुमारें ३०० यार्डांवरून त्यास टिपलें, ही आख्यायिका. मर्फीचें नांव या मृत्यूशीं जोडलेलें आढळतें तें समकालीन कागदांत नव्हे, तर एकोणिसाव्या शतकांत छापलेल्या प्रांतिक वृत्तांतांत. फ्रेझरला लागलेली गोळी कोणा रायफलवाल्याची असेल; मर्फी शूरही असेल; पण अंतराचा तो आंकडा मोजला कोणी?

तिसरी कथा स्पेनमधील. ३ जानेवारी १८०९ रोजीं काकाबेलोस येथें ९५व्या रायफल पलटणीच्या टॉमस प्लंकेट यानें फ्रेंच जनरल कोल्बेर यास गोळीनें पाडलें. येथें रायफल बेकरचीच असल्यानें ही कथा आमच्या विषयास विशेष लागू आहे. त्याच पलटणीच्या किंकेड व कॉस्टेलो यांनीं पुढें आपापल्या ग्रंथांत ती सांगितली. पण दोघेही त्या दिवशीं तेथें नव्हते. पलटणींत कानोंकानीं आलेली हकीकत ती त्यांची. प्लंकेट नेम धरण्यापूर्वीं आपल्या रांगेंतून धांवत पुढें गेला, असें कॉस्टेलो सांगतो. आतां अंतर पाहावें, तर कोणी दोनशें-तीनशें यार्ड म्हणतो, कोणी सहाशें. जसजसा काळ लोटला तसतसें मैदान लांबत गेलें! जो शिपाई अंतर कमी करण्यासाठीं जीव धोक्यांत घालून पुढें धांवला, त्याच्याच नांवावर पुढील पिढीनें अंतर वाढवून ठेवावें, हा त्याच्या शहाणपणाचा अपमान होय. रायफलीची मर्यादा ओळखून तो पुढें गेला, हेंच त्याचें खरें कौशल्य.

कथा आणि नोंद यांतील भेद एकाच लेखणींत पाहावयाचा असेल तर ऑड्युबॉन या पक्षिशास्त्रज्ञानें केंटकीच्या खेळांचें केलेलें वर्णन वाचावें. फळींत ठोकलेला खिळा गोळीनें आंत घुसविण्याचा खेळ तेथें चाले. साधारणतः तीन गोळ्यांत एक खिळ्यास लागे, असें तो लिहितो. रात्रीं ५० यार्डांवरून मेणबत्तीची काजळी तेवढी उडवावयाची व ज्योत विझूं द्यावयाची नाहीं, असा दुसरा खेळ. त्यांत एका पटाईतानें सातांपैकीं तीन वेळां तें साधलें. येथें छेद सांगितला आहे, म्हणून अंश विश्वसनीय वाटतो. पण तोच ऑड्युबॉन प्रसिद्ध डॅनियल बून यास खारी मारतांना वर्णूं लागतो, तेव्हां एकही गोळी फुकट गेल्याचें सांगत नाहीं. मेळ्यांतल्या अनामिक नेमबाजांस चुकण्याची मुभा आहे. नांवाजलेल्या पुरुषास नाहीं. त्या दोघांची भेट झाली कीं नाहीं याविषयींच अभ्यासकांस शंका आहे, ही गोष्ट या संदर्भांत सूचक आहे.

कोणी म्हणेल कीं, निशाण हें निर्जीव. त्यावरून जिवंत युद्धाचा निवाडा कसा करावा? आक्षेप योग्य आहे, व त्याचें उत्तर बेकरच्या दोषांच्या वर्णनांतच आलें आहे. निशाणावरून युद्धांतील सरासरी ठरवूं नये. परंतु वरची मर्यादा अवश्य ठरवावी. शांत चित्त, मोजलेलें अंतर, कोरडें रंजक, नवी गारगोटी, हें सर्व असतां जें खात्रीनें साधत नाहीं, तें धुरांत व घाईंत खात्रीनें साधलें असें म्हणतां येणार नाहीं. योगायोगानें साधलें असेल. पण योगायोगावर त्या हत्याराचें सामर्थ्य मापूं नये. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर कथेंत नुसता अन्वय असतो, व्यतिरेक नसतो. विद्यार्थ्यानें बरोबर आलेलें एक गणित पाटीवर ठेवून चुकलेलीं नऊ पुसून टाकावीं आणि पैकीच्या पैकी गुण मागावे, तसें हें आहे. निशाणाच्या फळीवरचें भोंक पुसतां येत नाहीं.

अर्थात् आधुनिक निशाणबाजीचेही आंकडे डोळे मिटून घेऊं नयेत. ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीसाठीं १९७१ सालीं मझल लोडर्स असोसिएशन्स इंटरनॅशनल कमिटी ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, व तिच्या विद्यमानें सामने होतात. चकमकीच्या रायफलीचा ‘मॅक्सिमिलियन’ नांवाचा सामना १०० मीटरांवर, निजून खेळतात. तोड्याच्या साध्या नळीच्या बंदुकीचा ‘तानेगाशिमा’ हा सामना ५० मीटरांवर. गुण देण्याचा नियम असा कीं, ३० मिनिटांत १३ गोळ्या झाडाव्या, व त्यांतील उत्तम १० मोजाव्या. खेळ म्हणून हा नियम उदार व योग्य आहे. चकमकीची गारगोटी केव्हां दगा देईल याचा नेम नसतो. परंतु इतिहासकारानें तेथील गुण पुराव्यास घेतले, तर उरलेल्या तीन गोळ्यांची चौकशी केलीच पाहिजे. समाधान इतकेंच कीं, त्यांचींही भोंकें कागदावर असतात. तसेंच, ज्यांस आपल्याकडील तोड्याच्या बंदुकीविषयीं लिहावयाचें आहे त्यांनीं तो ५० मीटरांचा आंकडाही ध्यानांत धरावा. निष्णात लोक आजही तिच्यासाठीं किती जवळचें निशाण निवडतात, हें त्यावरून कळेल.

अमरकोशांत ज्याचा हात बाणाच्या प्रयोगांत बसला आहे त्यास ‘कृतहस्त’ म्हटलें आहे. आणि त्याच्याच शेजारीं, ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्यास ‘अपराद्धपृषत्क’ असा स्वतंत्र शब्द दिला आहे. कोशकारानें दोघांसही सारखीच जागा दिली. इतिहासाच्या ग्रंथांत मात्र कृतहस्तांचीच दाटी, आणि अपराद्धपृषत्क कोठें दिसेनासे! फ्रेझर व कोल्बेर ज्या गोळ्यांनीं पडले त्यांच्या आगेंमागें किती गोळ्या मातींत गेल्या असतील, त्यांचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं. तो बेकरनें, स्वतःच्या लाभासाठीं कां होईना, ५८ गोळ्यांपुरता ठेवला, आणि त्यापलीकडील अंतराविषयीं फरक पडतो असें प्रामाणिकपणें लिहून ठेवलें. याकरितां हा कारागीर आमच्या मतें अनेक सेनानींच्या आत्मचरित्रांहून चांगला साक्षीदार होय.

आमच्या बखरी व पत्रें यांतील ‘टप्प्या’चा विचार करतांना हीच रीत ठेवावी अशी आमची सूचना आहे. अंतर कोणी मोजलें, केव्हां मोजलें, गोळ्या किती झाडल्या आणि फुकट किती गेल्या, हे चार प्रश्न विचारावे. चौथ्याचें उत्तर जेथें मिळत नाहीं, तेथें त्या मजकुरावरून शौर्याविषयीं लिहावें. यार्डांविषयीं लिहूं नये.